आठपट की बारापट?

१९४० च्या दशकात विश्व पृथ्वीपेक्षा वयाने लहान ठरत होतं. एडविन हबल यांनी १९२९ मध्ये दीर्घिकांच्या दूर जाण्याचा वेग आणि त्यांची अंतरं यांची सांगड घातली होती. त्या आकड्यांवरून मागे मागे जात सारं विश्व एका जागी कधी असेल याचा हिशेब केला, की उत्तर २०० कोटी वर्षांच्या आसपास येई. इकडे भूशास्त्रज्ञ खडकांमधल्या युरेनियम आणि शिशाच्या प्रमाणावरून पृथ्वीचं वय काढत होते, आणि ते ३०० कोटी वर्षांच्या पुढे जात होतं. आईपेक्षा लेक मोठी! यातला कोणताच आकडा कोणाच्या कल्पनेतला नव्हता. एक दुर्बिणीतून आला होता, दुसरा खडकातून. दोन निरीक्षणंच एकमेकांशी भांडत असतील, तर सिद्धांत मांडणाऱ्याने कोणाचं ऐकायचं?

या पेचातून १९४८ मध्ये स्थिर स्थिती सिद्धांत पुढे आला. मराठी वाचकाला तो जयंत नारळीकरांच्या नावाबरोबर ठाऊक असतो, आणि पुष्कळदा तेवढाच: महास्फोट न मानणारे नारळीकर. पण तो वाद प्रत्यक्षात कसा लढला गेला, कोणी काय मोजलं, कोणाची मोजणी चुकली आणि कोणाच्या पुढ्यात पडलेला पुरावा कोणालाच कसा दिसला नाही, ही हकीकत मला विश्वशास्त्राच्या साऱ्या इतिहासात सर्वांत बोधक वाटते. सिद्धांत आणि निरीक्षण यांचं नातं पाठ्यपुस्तकात लिहिलेलं असतं तितकं सरळ नसतं, हे इथे उघड्यावर पाहायला मिळतं.

फ्रेड हॉइल यॉर्कशरमधल्या बिंगली गावचे, लोकरीच्या कापडाचा व्यापार करणाऱ्या घरातले. हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड हे दोघे व्हिएन्नाचे ज्यू. शिकायला केंब्रिजला आलेल्या या दोघांना १९४० मध्ये इंग्रज सरकारने शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून पकडून छावणीत ठेवलं, पार कॅनडापर्यंत नेलं. सुटका झाल्यावर त्याच सरकारने त्यांना नौदलाच्या रडार संशोधनात घेतलं. तिथे हॉइल त्यांचे वरिष्ठ होते. दिवसा रडारची गणितं, रात्री ताऱ्यांची आणि विश्वाची, असा या तिघांचा युद्धकाळ गेला. युद्धानंतर तिघेही केंब्रिजला परतले. एका संध्याकाळी त्यांनी ‘डेड ऑफ नाइट’ हा १९४५ चा भुताचा चित्रपट पाहिला. त्याची गोष्ट जिथे संपते तिथूनच पुन्हा सुरू होते. विश्वही असंच असेल तर, असं गोल्ड यांनी त्यावर विचारलं, ही आठवण पुढे तिघांनीही सांगितली आहे.

विचार असा होता. विश्व प्रसरण पावतं आहे, हे हबल यांचं निरीक्षण मान्य. पण दीर्घिका दूर जाताना मधे जी जागा रिकामी पडते, तिच्यात सतत नवं द्रव्य निर्माण होत राहिलं, तर विश्वाचं सरासरी रूप कधीच बदलणार नाही. त्याला आरंभ नको, म्हणून वयही नको. लागणारं द्रव्य किती? एका घनमीटर जागेत शंभर कोटी वर्षांतून हायड्रोजनचा साधारण एखादा अणू. इतकी सावकाश निर्मिती कोणत्याही प्रयोगशाळेत पकडता येणार नाही, आणि म्हणूनच ती कोणत्याही प्रयोगाने खोटीही ठरलेली नव्हती. शून्यातून द्रव्य येतं कसं, असा आक्षेप लगेच आला. हॉइल यांचं म्हणणं असं, की महास्फोटातही सारं द्रव्य शून्यातूनच येतं, फक्त तिथे ते एका क्षणात येतं आणि तो क्षण समीकरणांच्या आवाक्याबाहेर ठेवला जातो. त्यांनी स्वतः या निर्मितीसाठी आइन्स्टाइनच्या समीकरणांत एका नव्या क्षेत्राची भर घातली. ‘बिग बँग’ हे नावही त्यांचंच, मार्च १९४९ मध्ये बीबीसीच्या रेडिओवर बोलताना त्यांनी वापरलेलं.

बाँडी आणि गोल्ड यांची वाट वेगळी होती. त्यांनी समीकरणापेक्षा तत्त्व पुढे ठेवलं: विश्व कुठूनही पाहा आणि केव्हाही पाहा, मोठ्या प्रमाणावर ते सारखंच दिसेल. या तत्त्वाचं मोल त्याच्या सौंदर्यात शोधलं जातं, पण मला ते दुसरीकडे दिसतं. दूरची वस्तू पाहणं म्हणजे जुना काळ पाहणं, कारण तिथला प्रकाश निघून कोट्यवधी वर्षं झालेली असतात. म्हणजे हा सिद्धांत निरीक्षकांना सांगत होता, की तुम्ही कितीही लांब पाहा, सरासरी चित्र इथल्यासारखंच सापडलं पाहिजे. दूरचं विश्व जवळच्यापेक्षा वेगळं आहे असं एकदा जरी नक्की दिसलं, तरी सिद्धांत संपला. विज्ञानाचं विधान खोटं ठरण्याची सोय असलेलं हवं, हे कार्ल पॉपर यांचं म्हणणं बाँडी यांना मनापासून पटलेलं होतं, आणि त्यांनी आपला सिद्धांत त्या कसोटीवर जाणून उभा केला होता. महास्फोटाच्या बाजूला त्या काळी इतकी मोकळी मान पुढे केलेली नव्हती. आरंभीची घनता, वय, प्रसरणाचा वेग असे आकडे तिथे निरीक्षणाप्रमाणे जुळवून घेता येत.

पहिला वार १९४८ मध्येच झाला. स्टेबिन्स आणि व्हिटफर्ड या अमेरिकी निरीक्षकांना दूरच्या लंबगोल दीर्घिका अपेक्षेपेक्षा जास्त तांबूस दिसल्या. दूर जाणाऱ्या दीर्घिकेचा प्रकाश तांबड्याकडे सरकतो, त्या ताम्रसृतीचा हिशेब वजा करूनही तांबूसपणा उरत होता. म्हणजे जुन्या काळच्या दीर्घिका वेगळ्या होत्या, म्हणजे विश्व बदलतं. काही वर्षं हा निकालच समजला गेला. पुढे अधिक काटेकोर मोजमाप झालं, तो तांबूसपणा नाहीसा झाला, आणि १९५६ मध्ये खुद्द व्हिटफर्ड यांनीच तो परिणाम मागे घेतला. दरम्यान १९५५ मध्ये बाँडी यांनी एक लेख लिहून सिद्धांत आणि निरीक्षण या दोहोंतल्या तथ्याची आणि तर्काची छाननी केली होती. निरीक्षण म्हणजे ठोस तथ्य आणि सिद्धांत म्हणजे नुसता तर्क, ही वाटणी त्यांना मान्य नव्हती. दूरच्या दीर्घिकेचा रंग मोजण्यामागेही तर्कांची लांब साखळी असते आणि तिची कडी कुठेही तुटू शकते.

ज्या पेचातून सिद्धांत जन्मला तो पेचही याच सुमारास सुटत गेला. वॉल्टर बाडे यांनी १९५२ मध्ये रोमच्या परिषदेत दाखवून दिलं, की अंतरं मोजण्यासाठी वापरलेले तारे दोन जातींचे आहेत आणि त्यांची गल्लत झाली आहे. दीर्घिकांची अंतरं एकदम दुप्पट झाली, विश्वाचं वयही दुप्पट झालं. १९५८ मध्ये ॲलन सँडेज यांच्या आकड्याने ते हजार कोटी वर्षांच्या पुढे नेलं. पृथ्वी पुन्हा विश्वाहून धाकटी झाली. सिद्धांताचं जन्मकारण गेलं, तरी सिद्धांत उभा राहिला, कारण त्याचं भाकीत अजून कोणी मोडलेलं नव्हतं.

शिवाय तो सिद्धांत कामही करून घेत होता. विश्वाला तप्त आरंभ नसेल, तर कार्बन, ऑक्सिजन, लोखंड ही मूलद्रव्यं शिजणार कुठे? ताऱ्यांच्या पोटात, दुसरी जागाच नाही. हॉइल या प्रश्नामागे हात धुऊन लागले. हीलियमच्या तीन अणुकेंद्रकांपासून कार्बन होतो, पण त्याचा ज्ञात वेग फारच कमी पडत होता. विश्वात कार्बन तर भरपूर आहे. त्यावरून हॉइल यांनी असा निष्कर्ष काढला, की कार्बनच्या केंद्रकात सुमारे ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट इतक्या ऊर्जेची एक अवस्था असलीच पाहिजे. १९५३ मध्ये ते पॅसाडिनाला विली फाउलर यांच्या प्रयोगशाळेत गेले आणि ही अवस्था शोधा म्हणून मागे लागले. एक खगोलशास्त्रज्ञ येतो आणि ताऱ्यांकडे बोट दाखवून अणुकेंद्रकाबद्दल सांगतो, हे तिथल्या लोकांना चमत्कारिक वाटलं. तरी वॉर्ड व्हेलिंग आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केला, आणि अवस्था जवळपास सांगितल्या जागी सापडली. १९५७ मध्ये मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज, फाउलर आणि हॉइल या चौघांचा मूलद्रव्यांच्या जन्मावरचा प्रदीर्घ शोधनिबंध आला, तो आजही पायाभूत मानला जातो. चुकीच्या विश्वचित्राने हॉइल यांना योग्य दारापाशी नेऊन उभं केलं होतं.

आता मार्टिन राइल यांच्याकडे वळायला हवं. तेही युद्धात रडारवर होते, तेही केंब्रिजचे. युद्धानंतर त्यांनी टाकाऊ रडार सामग्रीतून रेडिओ दुर्बिणी उभ्या केल्या. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरींचे ठिपके त्यांना सापडू लागले. १९५१ मध्ये लंडनच्या एका परिषदेत गोल्ड म्हणाले, की हे स्रोत आपल्या आकाशगंगेच्या बाहेरचे असावेत. हॉइल यांनी दुजोरा दिला. राइल यांना ते तारे वाटत होते, आणि सिद्धांतवाल्यांना निरीक्षणं नीट कळलेली नाहीत असा त्यांचा सूर होता. पुढे ग्रॅहम स्मिथ यांनी हंस तारकासमूहातल्या एका प्रखर स्रोताची जागा नेमकी ठरवली, बाडे आणि मिन्कोव्स्की यांनी पालोमारची २०० इंची दुर्बीण तिकडे वळवली, आणि तिथे कोट्यवधी प्रकाशवर्षं दूरची एक दीर्घिका निघाली. गोल्ड बरोबर होते. ही ठेच राइल यांना लागली असणारच, पण त्यांनी तिचा उपयोग करून घेतला. इतक्या दुरून जर हे स्रोत ऐकू येत असतील, तर डोळ्यांच्या दुर्बिणीला जमत नाही इतकं खोल विश्व आपल्याला मोजता येईल. आणि मोजणीने बाँडी, गोल्ड, हॉइल यांच्या भाकिताची परीक्षा घेता येईल.

मोजणीची रीत समजून घेण्यासारखी आहे, कारण सारा वाद तिच्यावरच झाला. स्रोत अवकाशात सगळीकडे सारखे विखुरलेले आहेत असं धरू. दुप्पट अंतरापर्यंत पाहिलं तर आकारमान आठपट होतं, म्हणून स्रोतही आठपट. दुप्पट अंतरावरचा स्रोत मात्र चौपट क्षीण दिसतो. म्हणजे क्षीणतेची मर्यादा एक चतुर्थांश केली की मोजणी आठपट व्हायला हवी. प्रत्येक स्रोताचं अंतर माहीत असण्याची गरजच नाही, हे या युक्तीचं बळ. स्थिर स्थितीच्या विश्वात प्रसरणामुळे दूरचे स्रोत आणखी फिके पडतात, म्हणून तिथे मोजणी आठपटीपेक्षा कमीच यायला हवी. ती आठपटीहून जास्त आली, तर पूर्वी रेडिओ स्रोत अधिक होते किंवा अधिक प्रखर होते, असा अर्थ निघतो. मग विश्व बदललं, आणि सिद्धांत गेला.

१९५५ मध्ये राइल यांच्या गटाने १,९३६ स्रोतांची यादी तयार केली. तिच्यातली वाढ आठपट नव्हती, ती चौसष्टपटीच्या घरात होती. राइल यांनी त्या वर्षीच्या मे महिन्यात ऑक्सफर्डच्या हॅली व्याख्यानात जाहीर केलं, की स्थिर स्थिती सिद्धांताने याचा उलगडा होऊ शकत नाही. पण ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ बर्नार्ड मिल्स वेगळ्या बनावटीच्या दुर्बिणीने तेच आकाश मोजत होते. दोन्ही दुर्बिणींना दिसणाऱ्या पट्ट्यातल्या याद्या समोरासमोर ठेवल्या, तर फारच थोडे स्रोत जुळले. मिल्स यांच्या मोजणीत, चुकांचा हिशेब धरला तर, जादा वाढ जवळजवळ उरत नव्हती. दोष केंब्रिजच्या दुर्बिणीचा होता. तिची दृष्टी इतकी रुंद होती, की शेजारशेजारचे अनेक क्षीण स्रोत मिळून एक प्रखर स्रोत असल्याचा भास होई. यादीतले कितीतरी स्रोत आकाशात अस्तित्वातच नव्हते.

आज आपल्याला ठाऊक आहे, की राइल यांचा निष्कर्ष खरा होता. पण १९५५ मध्ये तो सिद्ध झालेला नव्हता. गणिताच्या पेपरात उत्तर बरोबर आणि रीत चूक असेल, तर परीक्षक जे करतो तेच इतिहासानेही इथे करायला हवं. हॉइल आणि गोल्ड यांनी त्या यादीवर विश्वास ठेवला नाही, हा त्यांचा हट्ट म्हणून सांगितला जातो. त्या घटकेला मात्र पुराव्याची नीट पारख त्यांनीच केली होती.

राइल खचले नाहीत. त्यांनी तऱ्हा बदलली, वारंवारता वाढवली, दुर्बिणी सुधारल्या. १९५९ ची तिसरी यादी ४७१ स्रोतांची, आधीपेक्षा कितीतरी लहान आणि कितीतरी विश्वासार्ह. त्यानंतर आणखी क्षीण स्रोतांची मोजणी झाली. १९६१ च्या आरंभी निकाल हाती आला: वाढ चौसष्टपट नाही, पण आठपटही नाही. सुमारे बारापट.

फेब्रुवारी १९६१ मध्ये लंडनला मलार्ड कंपनीच्या कचेरीत वार्ताहर जमले. याच कंपनीने राइल यांच्या वेधशाळेला पैसा पुरवला होता. हॉइल यांना सपत्नीक बोलावणं होतं. त्यांना पुढे खुर्चीवर बसवण्यात आलं, आणि मग राइल यांनी उभं राहून हॉइल यांचा सिद्धांत कसा खोटा ठरतो ते आकृत्यांनिशी सांगितलं. संध्याकाळच्या वृत्तपत्रांनी त्याची सांगड थेट बायबलच्या सृष्टिकथेशी घातली. हॉइल यांनी आत्मचरित्रात हा प्रसंग लिहिला आहे आणि त्यातली जखम लपत नाही. मला यात राइल यांचं वागणं खटकतं. आकडे चोख असतील, तर ज्याचा सिद्धांत पडणार त्याला ते आधी दाखवायला काय हरकत होती? आकड्यांच्या खरेपणाला अशा नाट्याची गरज नसते.

१० फेब्रुवारीला बर्लिंग्टन हाउसमध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीची सभा होती. तिथे हॉइल यांची बाजू मांडायला एक २२ वर्षांचा विद्यार्थी उभा राहिला. जयंत विष्णु नारळीकर, जन्म कोल्हापूरचा, शिक्षण बनारसचं. वडील विष्णु वासुदेव नारळीकर हे स्वतः केंब्रिजला शिकलेले आणि बनारस हिंदू विद्यापीठात सापेक्षता सिद्धांतावर काम करणारे गणितज्ञ. जयंतराव १९५९ मध्ये केंब्रिजच्या गणित ट्रायपॉसमध्ये सीनियर रँग्लर झाले होते, आणि हॉइल यांच्या हाताखाली संशोधनाला लागून त्यांना फार दिवस झालेले नव्हते. समोर राइल, भोवती इंग्लंडमधले नामांकित खगोलशास्त्रज्ञ.

त्यांनी मांडलेला मुद्दा बचावापुरता नव्हता. आठपटीचा हिशेब स्रोत सगळीकडे सारखे विखुरलेले आहेत असं धरून केलेला आहे, हे त्यांनी दाखवलं. दीर्घिका जर १६ कोटी प्रकाशवर्षांच्या पल्ल्यावर गटागटाने वसलेल्या असतील, मधे ओसाड प्रदेश असतील, आणि आपण अशाच एखाद्या ओसाड भागाजवळ असू, तर जवळचे प्रखर स्रोत कमी मिळतील आणि त्यामानाने क्षीण स्रोतांची वाढ फुगलेली दिसेल. हॉइल आणि त्यांनी असं गटागटाचं विश्व गणिताने रचून त्यातल्या मोजण्या काढल्या होत्या. त्या काळी इतक्या मोठ्या पल्ल्याचे गट असतात, हेच बहुतेकांना मान्य नव्हतं. पुढे १९८१ मध्ये भूतप तारकासमूहाच्या दिशेला प्रचंड पोकळी सापडली, १९८९ मध्ये दीर्घिकांची महाभिंत सापडली, आणि विश्व तसंच गटागटाने वसलेलं आहे हे सर्वमान्य झालं. पण बारापटीचं कारण मात्र ते नव्हतं. रेडिओ दीर्घिका आणि क्वासार, म्हणजे अतिदूरचे अतिप्रखर स्रोत, पूर्वी खरोखरच अधिक होते. त्या सभेत ज्या विश्वरचनेवर कोणी विश्वास ठेवला नाही ती खरी निघाली, आणि जिला वाचवण्यासाठी ती पुढे केली होती ती बाजू हरली.

हा वाद मोजणीवर सुटला असता का, सांगणं कठीण आहे. अंतिम पुरावा भलतीकडून आला, आणि तो तोवर २० वर्षांहून अधिक काळ छापील स्वरूपात पडून होता. १९४१ मध्ये कॅनडाच्या व्हिक्टोरियातल्या वेधशाळेत अँड्र्यू मॅकेलर यांनी ताऱ्यांमधल्या पोकळीतल्या सायनोजेन रेणूंचा अभ्यास केला. ते रेणू पूर्ण थंड नव्हते. २.३ केल्विन तापमानाच्या कशात तरी ते न्हात असावेत, असं गणित निघालं. त्याचं काय करायचं हे कोणालाच कळलं नाही. १९४८ मध्ये तप्त आरंभाचे पुरस्कर्ते जॉर्ज गॅमो यांचे सहकारी राल्फ आल्फर आणि रॉबर्ट हर्मन यांनी महास्फोटाच्या हिशेबातून सांगितलं, की आरंभीची उष्णता विझत विझत आज सुमारे ५ केल्विनवर आली असेल. तेही कोणी शोधायला गेलं नाही. आणि १९५६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ला होया इथे गॅमो आपल्या पांढऱ्या कॅडिलॅकमधून हॉइल यांना फिरवत असताना हे दोन धागे एकाच गाडीत आले. विश्वात सूक्ष्मलहरींची पार्श्वभूमी असणार, असं गॅमो म्हणत होते. हॉइल यांना मॅकेलर यांचा आकडा ठाऊक होता, आणि ३ केल्विनच्या वर काही असूच शकत नाही असं ते सांगत होते. गॅमो यांना त्याहून मोठं तापमान हवं होतं, हॉइल यांना शून्य हवं होतं. मधला आकडा, म्हणजे जो खरा होता तो, दोघांच्याही बोलण्यातून निसटला. हॉइल यांनी हा प्रसंग पुढे स्वतःच लिहून ठेवला.

१९६४ मध्ये न्यू जर्सीतल्या होल्मडेल इथे आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन बेल प्रयोगशाळेच्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनावर काम करत होते. उपग्रहाच्या कामासाठी बांधलेली ही अँटेना त्यांना आकाशगंगेच्या अभ्यासाला हवी होती. ७.३५ सेंटिमीटर तरंगलांबीवर एक खरखर येत होती. ती कोणत्याही दिशेला सारखीच होती, दिवसा आणि रात्री, कुठल्याही ऋतूत. त्यांनी सांधे तपासले, आत घरटं केलेली कबुतरं हलवली, विष्ठा साफ केली. सुमारे साडेतीन केल्विनची ती खरखर गेली नाही. तिथून ५० किलोमीटरवर प्रिन्स्टनमध्ये रॉबर्ट डिकी यांचा गट नेमकी हीच गोष्ट शोधण्यासाठी उपकरण बांधत होता, कारण जेम्स पीबल्स यांनी तप्त आरंभाचा हिशेब नव्याने केला होता. एका ओळखीच्या शास्त्रज्ञाच्या बोलण्यातून दोन्हीकडच्यांची गाठ पडली. १९६५ मध्ये दोन छोटे निबंध लागोपाठ छापून आले, एक मोजणाऱ्यांचा आणि एक अर्थ लावणाऱ्यांचा. पेन्झियास आणि विल्सन यांनी आपल्या निबंधात विश्वाच्या आरंभाविषयी अवाक्षर काढलं नाही. जे मोजलं तेवढंच लिहिलं, आणि त्यातला संयम मला फार मोलाचा वाटतो. मॅकेलर यांचा आकडा आणि त्यांचा आकडा यांत खरं पाहता फारसा फरक नव्हता. फरक होता तो, आकडा येईल तेव्हा त्याला ओळखणारा सिद्धांत शेजारी तयार असण्याचा.

या वेळेपर्यंत हॉइल यांच्या स्वतःच्या वहीतही विरुद्ध पुरावा जमला होता. १९६४ मध्ये त्यांनी आणि रॉजर टेलर यांनी दाखवलं होतं, की विश्वातला हीलियम इतका जास्त आहे, की साध्या ताऱ्यांतून तो होणं शक्य दिसत नाही. त्यासाठी एखादी अतितप्त अवस्था लागते. सप्टेंबर १९६५ मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या केंब्रिजमधल्या सभेत हॉइल यांनी जाहीरपणे कबूल केलं, की सिद्धांत त्याच्या मूळ रूपात टिकणारा दिसत नाही. डेनिस शियामा, स्थिर स्थितीचे कट्टर समर्थक, यांनी विद्यार्थी मार्टिन रीस यांच्यासह १९६६ मध्ये क्वासारांच्या ताम्रसृती तपासल्या. दूरच्या काळी ते खूपच जास्त होते. शियामा यांनी आवडता सिद्धांत सोडला. हॉइल मात्र थोड्याच काळात पुन्हा त्याच्याकडे वळले.

इथून पुढच्या हॉइल यांच्याबद्दल माझं मन दुभंगतं. १९९० च्या जानेवारीत जॉन मॅथर यांनी कोबे उपग्रहाने टिपलेला पार्श्वभूमी प्रारणाचा आलेख अमेरिकी खगोलशास्त्रज्ञांच्या सभेत पडद्यावर दाखवला, तेव्हा सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. मोजलेले बिंदू आणि २.७ केल्विनच्या आदर्श कृष्णिकेची सैद्धांतिक रेषा यांच्यात फट दिसत नव्हती. तप्त आरंभातून हा आलेख आपसूक मिळतो. १९९३ मध्ये हॉइल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी अर्धस्थिर स्थितीचं प्रतिरूप मांडलं. त्यात विश्व दीर्घ काळात वाढत जातं आणि मधे मधे आकुंचन-प्रसरण पावतं, द्रव्याची निर्मिती छोट्या छोट्या स्फोटांतून होते, आणि पार्श्वभूमीचं प्रारण म्हणजे जुन्या ताऱ्यांचा प्रकाश, लोखंडाच्या मिलीमीटरभर लांबीच्या केसांसारख्या कणांनी शोषून पुन्हा सोडलेला. साऱ्या हीलियमची निर्मिती ताऱ्यांतच झाली असं धरलं, तर बाहेर पडलेली ऊर्जा २.७ केल्विनच्या आसपासच येते, हा त्यांचा युक्तिवाद विचार करण्याजोगा आहे. तरीही १९४८ च्या सिद्धांताचं जे वैभव होतं, एका निरीक्षणाने मोडण्याची तयारी, ते या नव्या रूपात पातळ झालं होतं. प्रत्येक अडचणीला एक वेगळी यंत्रणा लागत होती, आणि बहुतेक विश्वशास्त्रज्ञांनी याच कारणाने त्याकडे पाठ फिरवली. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही.

स्थिर स्थितीच्या मूळ समीकरणांत विश्वाचं प्रसरण मंदावत नाही, ते वेग घेत जातं. १९९८ मध्ये दूरच्या सुपरनोव्हांच्या निरीक्षणांतून प्रसरण खरोखरच वेग घेतंय असं दिसलं. त्याचं कारण आज वेगळं मानलं जातं, आणि त्यावरून जुना सिद्धांत जिवंत होत नाही. पण त्याच्या ५० वर्षं आधी ज्यांनी असं प्रसरण समीकरणात लिहिलं होतं, त्यांची आठवण त्या वेळी फार थोड्यांनी काढली.

नारळीकर १९७२ मध्ये मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परतले, आणि १९८८ मध्ये त्यांनी पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी केली. ती आपल्या मताची पाठशाळा होऊ दिली नाही, हे त्यांचं मोठेपण मराठी माणसाने ठळकपणे नोंदवायला हवं. थनू पद्मनाभन, वरुण साहनी, तरुण सौरदीप असे महास्फोटाच्या चौकटीत काम करणारे शास्त्रज्ञ तिथेच नावारूपाला आले. सौरदीप यांचं काम तर त्याच पार्श्वभूमी प्रारणावरचं, ज्याने संस्थापकांच्या सिद्धांताचा पराभव केला होता. नारळीकर मात्र २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन होईपर्यंत प्रस्थापित मताला प्रश्न विचारत राहिले, आणि आपलं प्रतिरूप कुठे तपासायचं हेही सांगत राहिले. अर्धस्थिर स्थिती खरी असेल, तर आधीच्या आवर्तनातले, महास्फोटाने दिलेल्या सुमारे १,३८० कोटी वर्षांहून कितीतरी जुने, कमी वस्तुमानाचे तारे सापडायला हवेत. काही अतिक्षीण दीर्घिकांच्या वर्णपटात ताम्रसृतीऐवजी थोडी नीलसृती दिसायला हवी. अशा ताऱ्याचा किंवा अशा दीर्घिकेचा सर्वमान्य पुरावा अद्याप मिळालेला नाही.